कोपऱ्यावरच्या गाळ्याचे बोल्ट

शटरवाल्या भाऊंनी नव्या स्टँडात दोन गाळे घेतले, तेही वहिनींच्या नावावर, अशी बातमी सोमवारी सकाळी आमच्या जिन्यात आली आणि दुपारपर्यंत दोनाचे चार झाले. संध्याकाळी मी कटिंगवाल्याच्या खुर्चीत मान वाकवून बसलो, तेव्हा ते चार गाळे वरच्या मजल्यासकट माझ्या कानावर घालण्यात आले. नव्या स्टँडाला वरचा मजलाच नाही, हे सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण मानेवर वस्तरा असताना माणसाने फार मुद्द्याचं बोलू नये.

खरं असं, की भाऊंनी गाळा तर सोडाच, साधी नवी चप्पलही घेतलेली नव्हती. पालिकेने शहराच्या टोकाला नवं बस स्टँड बांधलंय, त्याच्या गाळ्यांना शटरं बसवायचं काम ठेकेदाराने त्यांना दिलं होतं, इतकंच. रविवारी ते थोरल्या मुलीला तिथे घेऊन गेले, कोपऱ्यावरच्या गाळ्याच्या तोंडाशी तिला उभं केलं आणि म्हणाले, "हात वर कर." तिने केला. "आता ओढ." तिने नसलेलं शटर खाली ओढलं. नेमका तेव्हाच फळवाला सायकलवरून चालला होता. सुट्टीच्या दिवशी, भर उन्हात, बाप मुलीला हवा ओढायला लावतोय, एवढ्या भांडवलावर त्याने खरेदीखतापर्यंत मजल मारली.

हवा ओढायला लावणं ही भाऊंची कामाची रीत. शटर वर गेल्यावर त्याची खालची पट्टी मालकाच्या हाताला पोचली पाहिजे, म्हणून ते मालकालाच उभं करून मापं घेतात. टेप खिशात असतो, पण तो भिंतींसाठी. आमच्या रस्त्यावर शटर बघून मालकाची उंची सांगता येते. औषधवाले ताडमाड, त्यामुळे त्यांच्या दुकानाची पट्टी आकाशात. ते बाहेरगावी गेले की त्यांची बायको स्टुलावर चढून लोंबकळते, आणि तेवढ्यापुरती आमच्या गॅलरीत गर्दी होते.

भाऊ समोरच्या इमारतीत राहतात. त्यांची गॅलरी आणि आमची गॅलरी समोरासमोर, मधे रस्ता. बारीक अंगाचा, सतत काहीतरी पडणार आहे अशा नजरेने वर बघणारा माणूस. त्यांच्या लग्नाचा फोटो आहे घरात; त्यात वहिनी कॅमेऱ्याकडे बघतायत आणि भाऊ छताच्या पंख्याकडे. सकाळी चहाचा कप घेऊन ते गॅलरीत उभे राहतात आणि एकेक दुकान उघडताना कान देऊन ऐकतात.

"ऐकलंत?" समोरून विचारतात.

"काय?"

"औषधवाल्यांचं. दोन दमात उठलं आज."

"कंबर धरली असेल."

"कंबर धरली की माणूस कण्हतो. हे गप्प उठलं. काहीतरी बिनसलंय."

आणि मग दिवसभर ते औषधवाल्यांच्या धंद्याची काळजी वाहतात. औषधवाले मजेत असतात. पण या सवयीमुळे रस्त्याने त्यांना भविष्यवेत्ता करून टाकलंय. कुणी नवं दुकान काढायचं म्हटलं की आधी भाऊंच्या चेहऱ्याकडे बघतो. तो चेहरा बघून आजवर कुणाला उभारी आलेली नाही. खरं तर भाऊंचे अंदाज निम्म्याहून जास्त चुकलेत. मोबाइलवाला वर्ष काढणार नाही म्हणाले होते, त्याने शेजारची जागाही घेतली. बेकरी जन्मभर चालेल म्हणाले, तिच्या भट्टीत आता मांजरी वितात. आणि एखादा अंदाज खरा ठरलाच, तर बंद पडणाऱ्या दुकानदाराच्या आधी भाऊच अंथरूण धरतात.

असो. थोरलीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्याभोवतीच घडलं.

तिला सगळे चेनताई म्हणतात. लग्न मोडून ती घरी परत आली ती शिलाई मशीन घेऊनच. बाकी काही आणलं नाही आणि मागितलंही नाही. जुन्या स्टँडासमोर एका जिन्याखालच्या जागेत बसून ती बॅगांच्या चेनी, पट्टे, चाकं दुरुस्त करते. या धंद्याची मेख अशी, की घरी चेन तुटली तर माणूस बॅग माळ्यावर टाकतो आणि दुसरी घेतो. तीच चेन बस सुटायच्या वेळी तुटली आणि आतले कपडे बाहेर डोकावायला लागले, की तोच माणूस बॅग पोटाशी धरून रस्ता ओलांडत येतो आणि "ताई, काहीही करा पण आत्ता करा" म्हणतो. म्हणजे गिऱ्हाईक चेनताईचं नाहीच, बसचं आहे. बस जिकडे जाईल तिकडे फाटक्या बॅगा जाणार. आता बसच शहराच्या टोकाला जायच्या गोष्टी करत होती.

जायच्या गोष्टी करत होती म्हणतो, गेली नव्हती. स्टँड हलणार हे पालिकेने याआधीही जाहीर केलं होतं, आणि ती तारीख स्टँडावरच बसून म्हातारी झाली. या वेळी निदान इमारत उभी राहिली. जोडरस्ता मात्र अर्धा. बस डांबर संपेपर्यंत जाणार, मग थांबून विचार करणार. उरलेला रस्ता पुढच्या अंदाजपत्रकात, असं सांगतात. त्यात गाळ्यांचा लिलाव शनिवारी आणि अनामत शुक्रवारपर्यंत. चेनताईने नवा गाळा घेतला आणि स्टँड हललंच नाही, तर ती ओसाड इमारतीत मशीन घेऊन बसणार. नाही घेतला आणि स्टँड हललं, तर कोपऱ्यावर दुसराच कुणीतरी चेनी लावायला बसणार आणि जिन्याखाली ही जिन्यासारखीच रिकामी. दोन्हीकडून मरण.

कटिंगवाल्याच्या दुकानात रोज याच्यावर संसद भरायची. त्यालाही तिकडे दुकान काढायचं होतं. दोन नव्या खुर्च्या आणून मागे ठेवल्या होत्या, त्यांच्यावरचं प्लॅस्टिकही काढलं होतं.

"हलणार म्हणजे हलणार," तो कात्री आपटून म्हणायचा. "पालिका एवढा खर्च उगाच करेल?"

"पोहण्याच्या तलावावर केलाच की," मी म्हणालो. त्या तलावात हल्ली पालिकेच्या मोडक्या कचरागाड्या उभ्या असतात.

"तलावाची गोष्ट वेगळी."

"आणि पादचारी पूल? एका बाजूला जिना आहे, दुसऱ्या बाजूला नुसतीच हवा."

"त्या पुलाच्या भरवशावर एकाने सरबताचं दुकान काढलं होतं," औषधवाले टॉवेलातून म्हणाले. त्यांनाही नव्या स्टँडात शाखा काढायची होती.

"मग? चालतंय का?"

"चालतंय. तो एकटाच पितो."

कात्री थोडा वेळ हवेत चालली, केसांपर्यंत पोचली नाही. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं: भाऊ रोज तिथे काम करतायत, त्यांना विचारू.

पण भाऊ बोलेनात. ठेकेदाराने आधीच दम भरला होता, "तुमचं काय ते भविष्य घरी. माझ्या स्टँडाबद्दल एक शब्द बोललात, तर उरलेली शटरं दुसऱ्याकडून बसवून घेईन." तेव्हापासून सकाळी गॅलरीत चहा घेताना भाऊ माझ्याकडे बघायचेच नाहीत. समोर औषधवाल्यांचं शटर तीन दमांत उठलं तरी त्यांनी "ऐकलंत?" म्हटलं नाही. मला इकडे चहा गोड लागेना.

तोंड त्यांनी बंद ठेवलं. हातांचं मात्र ठेकेदार विसरला.

शटर ज्या दोन उभ्या पट्ट्यांमधून वरखाली होतं, त्या पट्ट्या भिंतीतल्या लोखंडाला वेल्डिंगने कायमच्या जोडतात. नव्या स्टँडातल्या सगळ्या गाळ्यांना भाऊंनी तसंच केलं होतं. फक्त कोपऱ्यावरच्या गाळ्याला वेल्डिंग नाही, तिथे नट-बोल्ट. पाना घेऊन फिरवले की शटर सुटं. हे शिडीवर चढलेल्या रंगाऱ्याने पाहिलं, आणि तो त्याच संध्याकाळी दाढी करायला आला.

"कोपऱ्यावरचा? म्हणजे मुलीला दाखवलेला?" कटिंगवाल्याने विचारलं.

"तोच."

"काढता येईल असं शटर?"

"काढता येईल असं."

प्रत्येकाच्या डोक्यात गणित सुटताना दिसत होतं. बाप स्वतःच्या मुलीला फसवणार नाही. बापाने काढता येईल असं शटर लावलं, म्हणजे ते काढायची वेळ येणार हे बापाला ठाऊक आहे. म्हणजे स्टँड येत नाही. दुसऱ्या दिवशी कटिंगवाल्याने नव्या खुर्च्यांवर परत प्लॅस्टिक चढवलं. औषधवाल्यांनी शाखेचा बेत तब्येतीचं कारण सांगून रद्द केला. औषधवाल्याने तब्येतीचं कारण द्यावं म्हणजे हद्द झाली. फळवाला तर शपथेवर सांगू लागला की आपण पहिल्यापासूनच साशंक होतो.

बातमी चेनताईपर्यंत पोचायला वेळ लागला, कारण तिच्याकडे येणारी माणसं घाईत असतात. शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली ती तडक भाऊंच्या समोर येऊन उभी राहिली. मी तिथेच होतो. वहिनींनी बोलावलं होतं असं नाही, पण चहाची वेळ होती.

"बाबा, माझ्याच गाळ्याला बोल्ट का?"

"तुझा कुठेय अजून? लिलाव उद्या आहे."

"पट्टी माझ्या हाताच्या मापाची आणि गाळा कुणाचा?"

भाऊंनी चहावर फुंकर मारली.

"तुम्हाला काही कळलंय का तिथे? रस्ता होणार नाही, असं कुणी म्हणालंय?"

"नाही."

"बसला वळायला जागा कमी पडते?"

"नाही गं."

"मग?"

भाऊंनी कप खाली ठेवला. "सगळ्यांना वेल्डिंग करत करत आलो. तुझ्या गाळ्याशी आलो आणि हातच पुढे जाईना. वेल्डिंग म्हणजे कायमचं. वाटलं, नाहीच चाललं तर निदान शटर तरी घरी परत आणता येईल."

"आणि आणून कुठे लावणार होतात?" वहिनी आतून म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघराला?"

"म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही?" चेनताईचा आवाज चढला.

"काही म्हणजे काही नाही."

"आणि अख्ख्या रस्त्याला घाबरवून ठेवलंत?"

"मी कुठे घाबरवलं? मी माझा माझा घाबरलो होतो. ते मला बघून घाबरले."

मी हसलो. कुणी साथ दिली नाही, तेव्हा खोकलो.

चेनताई खाली बसली. पायातली चप्पलही काढायची राहिली होती. "मी अनामत भरली, बाबा. सकाळीच. आणि जिन्याखालची जागा सोडते म्हणून मालकाला सांगूनही आले. बाहेर पडले तोवर तो दुसऱ्याला दाखवत होता."

भाऊंनी सवयीप्रमाणे वर बघितलं. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, लेकीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "तुमचा चहा झाला असेल ना?"

शनिवारी सकाळी, लिलावाच्या आधी, ठेकेदार स्वतः गाडी घेऊन आला आणि भाऊंना जवळजवळ उचलून घेऊन गेला. "सगळ्यांदेखत वेल्डिंग करायची," असा हुकूम. बोली लावायला म्हणून जे पाच-पंचवीस लोक आले होते, ते कोपऱ्यावरच्या गाळ्यासमोर गोळा झाले. भाऊंनी काळी काच डोळ्यांसमोर धरली. ठिणग्या उडाल्या, लोकांनी डोळ्यांवर हात धरले, आणि बोटांच्या फटीतून बघितलंच. काम झाल्यावर ठेकेदाराने शटर गदागदा हलवून दाखवलं. "बघा! हललं का? कायमचं आहे. आता कुणाच्या मनात काही राहिलं?"

राहिलं होतं. कटिंगवाला माझ्या कानाशी लागला, "बघितलंत ना? माणसावर केवढा दबाव आणला. आता तर माझी खात्रीच पटली."

लिलावाच्या खोलीत खुर्च्या माणसांपेक्षा जास्त होत्या. कारकून गाळ्याचा क्रमांक पुकारायचा, इकडेतिकडे बघायचा आणि पुढचा पुकारायचा. जिच्यासाठी भांडणं होतील असं पालिकेला वाटत होतं, ती कोपऱ्यावरची जागा चेनताईने एकटीने बोली लावून एकटीने जिंकली. तिचं नाव जाहीर झालं तेव्हा भाऊ दारात उभे होते. माणसं बाप म्हणून खूश होतात तसे ते दिसले नाहीत. रिकाम्या खुर्च्या मोजत असल्यासारखे दिसले.

परत येताना मी त्यांच्याबरोबर होतो. "गाळा स्वस्तात मिळाला की, भाऊ," मी म्हटलं.

"शेजार नाही मिळाला," ते म्हणाले. "एकटं दुकान म्हणजे काय दुकान? उतारूला वाटतं, इथे काही नाहीच, चला बाहेर. माझ्या चार बोल्टांनी तिचे शेजारी पळवले." मग वळणावर आल्यावर, "चार नाही, आठ होते."

आणि झालंही तसंच, निदान आत्तापर्यंत. पालिकेच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, की गाळेच गेले नाहीत तर जोडरस्त्याची एवढी घाई कशाला? आधी गाळे जाऊ देत, मग रस्ता बघू. ही गोष्ट कटिंगवाल्याच्या दुकानात पोचली, तेव्हा तो खुर्चीवरच्या प्लॅस्टिकची सुरकुती सारखी करत म्हणाला, "रस्ताच नाही तर गाळा कोण घेणार? आधी रस्ता होऊ दे."

सध्या फक्त लांबच्या बसेस नव्या स्टँडावरून सुटतात. बाकीच्या जुन्याच जागी. पालिका म्हणते, हा प्रयोग आहे, बघू कसा होतो ते. चेनताईचं मशीन हातगाडीवरून कोपऱ्यावरच्या गाळ्यात गेलं. जिन्याखाली आता एक किल्ल्या बनवणारा बसतो. एखाद्या दिवशी तिच्याकडे तीन-चार बॅगा येतात, एखाद्या दिवशी फक्त धूळ. एकदा एक कंडक्टर आला, त्याच्या तिकिटांच्या पिशवीचा पट्टा शिवून घेतला आणि म्हणाला, "तुम्ही इथे आहात हे बरं आहे, आमचा काही नेम नाही." त्या वाक्याचा अर्थ लावण्यात भाऊंनी दोन दिवस घालवले.

भाऊ रोज सकाळी तेलाचा डबा घेऊन तिकडे जातात. शटरला तेल घालायला, असं सांगतात. त्या शटराला इतकं तेल झालंय की ते आता बोट लावलं तरी उठतं. तेल घालून झालं की ते गाळ्याच्या बाहेर पायरीवर बसतात आणि अर्धवट रस्त्याकडे बघतात. बस आली की उठून उभे राहतात. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे नाही, हातातल्या बॅगेकडे बघतात. चेनताईने त्यांना दोनदा घरी हाकललं. "बाबा, तुमचा चेहरा बघून गिऱ्हाईक वळतंय," असं स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पायरी सोडून समोरच्या खांबाआड जाऊन बसले. खांब बारीक, त्यामुळे दोन्ही बाजूंनी भाऊ दिसत होते.

परवा मी आणि कटिंगवाला मुद्दाम तिकडे गेलो. कारण म्हटलं तर काही नव्हतं. त्याला खुर्च्यांचा निकाल लावायचा होता आणि मला तो कसा लागतो ते बघायचं होतं. ओळीने बंद शटरं, सगळी नवीकोरी, आणि टोकाला एकच उघडं. आतून मशीनचा आवाज येत होता. काय शिवत होती कुणास ठाऊक, गिऱ्हाईक तर दिसलं नाही. बहुधा स्वतःचीच पिशवी उसवून परत शिवत असावी. लांबची एक बस सुटायच्या तयारीत होती, आणि भाऊ खांबाआडून तिच्या टपावरचं सामान न्याहाळत होते.

"काय भाऊ, तेल पुरतंय ना?" मी विचारलं.

"तुम्हाला बरा वेळ मिळतो," ते बसवरची नजर न काढता म्हणाले.

कटिंगवाल्याला राहवेना. तो त्यांच्या अगदी जवळ गेला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, आता ठेकेदार नाही, कुणी नाही. आपल्या आपल्यात. मी खुर्च्या ठेवू की विकू? स्टँड चालणार की नाही, काय ते एकदा खरं सांगा."

बस सुटली. कुणाच्याच बॅगेची चेन तुटली नाही. ती डांबर संपेपर्यंत गेली, थांबली, मग खड्ड्यांतून हळूहळू पुढे सरकली. भाऊ ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले आणि मग पहिल्यांदाच आमच्याकडे वळले.

"पालिका बघतेय तुम्ही गाळे घेता का. तुम्ही बघताय मी बोल्ट लावतो का. आणि मी बोल्ट लावले होते ते पालिकेकडे बघून. यात ज्याला खरंच काही माहीत असेल असा एक माणूस शोधा आणि इकडे पाठवा. आणि त्याला सांगा, रिकाम्या हाताने येऊ नकोस, चेन तुटलेली बॅग घेऊन ये."